सगळ्यांचे हात गुंतवा

एकदा एका बाजारगावी एका कासाराच्या अंगावरून वारं गेलं. सकाळी माणूस चांगला उठला, देवदर्शन करून आला, दुकानाच्या फळ्या काढल्या, आणि पहिल्याच गिऱ्हाइकाच्या मनगटावर हिरवी बांगडी चढवता चढवता त्याचा उजवा हात मधेच थांबला. त्या बाईला वाटलं, शेट विचारात पडले. पुरुषमाणूस विचारात पडलेला तिनं आयुष्यात प्रथमच पाहिला असावा, म्हणून ती आदरानं गप्प बसली. तेवढ्यात शेटचं तोंड एका बाजूला ओघळलं आणि ते गादीवरच कलंडले.

त्यांचं नाव भूपालशेट. वय अठ्ठावन्न. मुलगा अजित यानं त्यांना लगोलग जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं, म्हणून जीव वाचला. वीस दिवसांनी घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "मार मेंदूला बसलाय, हातापायाला नाही. त्यांना त्यांची कामं पुन्हा शिकवावी लागतील. रोज, आणि पुष्कळ वेळा." घरच्यांनी माना हलवल्या. डॉक्टरांसमोर नातेवाईक जेवढं अंग हलवतात तेवढं रुग्णानं हलवलं, तर तो चालतच घरी यायचा. पण तसं घडत नाही. भूपालशेट घरी आले ते चौघांच्या हातांवर.

आणि घरी सेवा सुरू झाली.

सेवा म्हणजे कशी, तर तहान लागायच्या आधी पाणी, कूस बदलायच्या आधी उशी. पद्माक्का, म्हणजे शेटच्या पत्नी, घास भरवत. अजित वडलांना पाठुंगळी घेऊन परसदारी नेई. शेटच्या डाव्या अंगाला काहीही झालं नव्हतं, पण घरच्यांनी प्रेमापोटी त्यालाही निवृत्त करून टाकलं. भेटायला येणारा प्रत्येक जण एकेक औषध सांगून जाई. एका शहाण्यानं तर त्या जैनाघरी बसून कबुतराचं रक्त चोळायचा सल्ला दिला. पद्माक्कांनी त्याला चहा न देता वाटेला लावलं.

इतकी सेवा होत असूनही भूपालशेट खाईनासे झाले. आधी दोन भाकऱ्या खाणारा माणूस चतकोरावर आला. पाण्यानं नुसते ओठ ओले करी. हिंगाष्टक झालं, आलेपाक झाला, लिंबाचं लोणचं झालं. अंग दिवसेंदिवस पलंगाला चिकटत चाललं.

त्या गावात एक जुनी तालीम होती आणि तालमीत एक वृद्ध वस्ताद होते. वय ऐंशीच्या पुढे. दात चार, पण चारही कामाचे. पडलेल्याला उठवणं यात त्यांची हयात गेली होती. पद्माक्कांनी त्यांना निरोप धाडला, "अंगाला तेल चोळायला एखादा दमदार पोरगा पाठवा." वस्ताद स्वतःच आले आणि बरोबर आपला पट्टशिष्य सिद्राम याला घेऊन आले. सिद्राम सव्वीस वर्षांचा पैलवान. मान आणि डोकं यांत फरक करायला टोपी लागावी, असा गडी. पण मनानं लोणी.

तीन दिवस वस्तादांनी काही केलं नाही. सिद्राम तेल चोळी आणि वस्ताद कोपऱ्यात बसून बघत. पद्माक्का अजितला म्हणाल्या, "म्हातारा येतो, चहा पितो, जातो. याच्यापेक्षा तो कबुतरवाला बरा. एकदाच आला."

चौथ्या दिवशी जेवणवेळी वस्तादांनी मायलेकांना दुकानात पाठवलं. सिद्राम पायांशी तेल चोळत होता, त्याला राहू दिलं. उशाशी सरकून ते म्हणाले,

"शेट, तुमची भूक मेलेली नाही. मघाशी आमटीला फोडणी बसली तेव्हा तुमच्या गळ्याची घाटी हलली. मी बघत होतो. भूक आहे आणि तुम्ही तिला दाबून धरलंय. का?"

शेटनी नजर आढ्याकडे नेली. जीभ जड झाली होती. शेवाळलेल्या दगडांवरून माणूस चालतो तसा एकेक शब्द जपून बाहेर येई.

"वस्ताद, खाल्लं की... जावं लागतं."

"कुठं?"

"परसात." डोळ्यांच्या कडेनं पाणी उतरून कानात गेलं. ते पुसायलाही हात उठला नाही. "पोरगा पाठीवर नेतो. बायको... धुते. वाटेत दुकानाचं दार. आत बायका बसलेल्या. त्यांच्यासमोरून मी... पोत्यासारखा. चाळीस वर्षं त्यांचे, त्यांच्या लेकीसुनांचे हात हातात घेतले. एकीनं संकोच केला नाही. आता मला बघून तोंड फिरवतात." थोडं थांबून ते म्हणाले, "खाल्लं नाही, तर जावं लागत नाही."

हे असं होतं. घरचे भुकेला औषध शोधत होते आणि तो स्वाभिमानी माणूस लाजेपायी उपाशी मरत होता.

वस्तादांनी विचारलं, "पलंगापासून परसापर्यंत पावलं किती?"

"एकवीस," शेट तत्काळ म्हणाले.

"मोजून ठेवलीत, म्हणजे जायचं मनात आहे. मग जेवा. पोटात काही नसलं तर पाय कशाच्या जोरावर उचलेल? तुम्ही पोटभर जेवायचं, आणि ती एकवीस पावलं एकट्यानं जायची. शिकवायचं माझ्याकडं लागलं."

"नाही जमलं तर?"

"तर मी पण तुमच्या शेजारी उपाशी बसतो. या वयात मला तेवढं एक काम सोपं आहे."

शेटच्या तोंडाची चांगली बाजू जराशी हसली. त्या दिवशी अर्धी भाकरी गेली.

परतीच्या वाटेवर सिद्राम डोळे पुसत होता. म्हणाला, "वस्ताद, मी रोज पहाटे येतो. गल्ली जागी व्हायच्या आत शेटना उचलून नेतो आणि आणून ठेवतो. कुणाला दिसणार नाही."

"फार चांगला आहेस रे तू," वस्ताद म्हणाले. "म्हणूनच तुझी भीती वाटते."

ती भीती दुसऱ्याच दिवशी खरी ठरली. शेटना उठवून बसवायचं म्हणून सिद्रामनं त्यांचा लुळा उजवा हात धरला आणि आखाड्यातल्यासारखा ओढला. शेट असे ओरडले की दुकानातल्या बायका उठून उभ्या राहिल्या. वस्तादांनी सिद्रामच्या मनगटावर काठी हाणली.

"दोर आहे का तो? आतले स्नायू ढिले पडलेत, खांदा नुसता लोंबतोय. असा ओढत राहिलास तर निखळेल. मग उद्या हाताला जाग आली तरी दुखण्यापायी तो वर यायचा नाही. हाताला ओढायचं नाही, बगलेतून उचलायचं नाही. समजलं?"

"मग धरायचं कुठं?"

वस्तादांनी काठी खाली ठेवली. मग म्हणाले, "ते मलाही पुरतं ठाऊक नाही. शिकून येतो."

आणि ते खरोखर जिल्ह्याला गेले. दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या बाई पंचविशीच्या. ऐंशी वर्षांचा वस्ताद त्या पोरीसमोर दोन दिवस शिष्य होऊन बसला. तिनं त्यांना खाटेवर आडवं केलं, उजवं अंग नाहीच असं समजायला लावलं आणि म्हणाली, आजोबा, आता उठा. आजोबा दोनदा गडगडले, तेव्हा कुठे विद्या प्राप्त झाली. गावातल्या विद्वानांना हे आवडलं नाही. त्यांना शिकवायची इतकी सवय जडलेली, की शिकायचं म्हटलं की घरचं काम आठवतं.

परत आल्यावर वस्तादांनी पहिलं काम केलं ते पलंगाच्या चारी पायांखाली दोन-दोन विटा घालण्याचं. उंच आसनावरून उठणं सोपं पडतं. जमू लागलं की एकेक वीट काढायची. दुसरं काम मात्र कुणाला कळेना.

"अक्का, शेट उठायला लागले की तुम्ही पीठ मळायला बसायचं. दोन्ही हात पिठात."

"आत्ता? भाकऱ्यांना अजून वेळ आहे."

"मग उद्याच्या भाकऱ्यांचं मळा."

"उद्याचं आज? शिळं पीठ आमच्या घरात चालत नाही, वस्ताद. तुमच्या तालमीत भाकऱ्या थापतं कोण?"

"मग मूठभर मळा. पण मळत राहा. अजित, काचेच्या बांगड्यांचे ते दोऱ्यात ओवलेले गुच्छ आहेत ना, ते दोन्ही हातांवर घे आणि इथं उभा राहा. एक बांगडी फुटली तर अक्का बघून घेतील. सिद्राम, तू दोन तांबे काठोकाठ भरून दोन हातांत धर. थेंब सांडला तर आज जोर नाहीत, बैठका नाहीत."

पैलवानाला याहून कडक शिक्षा नाही. सिद्रामनं श्वास रोखून तांबे धरले.

दृश्य मोठं विचित्र होतं. पलंगावर आजारी माणूस, आणि भोवती घरातली सगळी धडधाकट माणसं हात गुंतवून उभी. शेजारच्या काकू खिडकीतून डोकावल्या आणि "या म्हाताऱ्याला काळीज म्हणून नाही!" असं गल्लीला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या.

वस्ताद एकटेच रिकाम्या हातांनी शेटच्या दुबळ्या बाजूला बसले. "शेट, घाई नाही. आधी गुडघे वाकवा. चांगल्या पायानं दुसऱ्याला मदत करा. आता कुशीवर. मग पाय पलंगाखाली सोडा आणि कोपरावर रेटा."

शेट निम्मे वळले आणि परत पाठीवर आले. पुन्हा वळले, पुन्हा आले. पिठातले हात थांबले, काचा किणकिणल्या, तांबे डुचमळले. सगळ्यांचे हात धावू पाहत होते आणि धावू शकत नव्हते. नवव्या खेपेला शेट कोपरावर आले. अकराव्या खेपेला भूपालशेट कासार पलंगाच्या कडेला, स्वतःच्या बळावर, पाय जमिनीला टेकवून बसले. घामानं सदरा भिजला होता. पस्तीस दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी आपल्या माणसांकडे खालून वर नाही, तर समोर पाहिलं.

जेवताना पुन्हा तेच. पद्माक्का पिठात आणि ताट शेटसमोर. डावा हात घास नेई, उजवा ताटाच्या काठावर नुसता ठेवायचा, ताट हलू नये म्हणून. अर्धी आमटी सदऱ्यावर गेली. पद्माक्कांचा बांध फुटला.

"पस्तीस वर्षं संसार केला मी या माणसाबरोबर. त्याला घास भरवायला मला बंदी? हा कुठला उपचार?"

"बंदी तुमच्या हातांना आहे अक्का, तुम्हाला नाही. समोर बसा, बोला. रागवा त्यांच्यावर. आजारी पडल्यापासून या घरात त्यांना कुणी रागावलेलं नाही. माणसाला आपण मेलो की काय असं वाटायला लागतं."

पद्माक्का क्षणभर गोंधळल्या. मग डोळ्यांतलं पाणी दंडाला पुसून म्हणाल्या, "अहो, घास नाकात चाललाय तुमचा! तोंड खाली आहे, पस्तीस वर्षं तिथंच होतं!" आणि भूपालशेट वाकड्या तोंडानं, पण मोठ्यानं हसले.

दिवस जाऊ लागले. उठण्याची विद्याही वस्तादांनी अशीच उकलून शिकवली. टाचा गुडघ्यांच्या मागे घ्यायच्या. दुबळा पाय पुढे पळतो, त्यालाही मागे आणायचं, कारण भार त्यानंही घ्यायचा आहे. मग पुढे वाकायचं, नाक अंगठ्यांच्या पुढे जाईपर्यंत, आणि मग उठायचं. दिवसाला पन्नास वेळा. एकेक वीट निघत गेली.

उजवा हात मात्र मूठ सोडीना. बोटं तळव्यात रुतलेली. सिद्राम ती ओढून उघडू गेला की जास्तच आवळत. वस्ताद त्याला थांबवून शेटना म्हणाले, "शेट, हे काम आमचं नाही, तुमचं आहे. नवी नवरी पहिल्यांदा चुडा भरायला बसते. भीतीनं तिनं हात असाच आवळलाय. तुम्ही काय करता?"

"ओढत नाही," शेट हळूच म्हणाले. "मनगट खाली वाकवतो. बोटं आपोआप सैल पडतात. मग अंगठा... बुडापासून. आणि बोलत राहतो. लक्ष दुसरीकडं न्यायचं."

"मग न्या."

भूपालशेटनी आपला उजवा हात डाव्या हातात घेतला. परक्याचा असावा तसा क्षणभर पाहिला. मग मनगट खाली वाकवलं, अंगठ्याच्या बुडाशी बोट ठेवलं, आणि दुकानातल्या जुन्या गोड आवाजात त्या मुठीला विचारलं, "घाबरू नको बाई. गाव कुठलं तुझं?"

दारात उभा असलेला अजित हसता हसता खाली बसला. पण मूठ सैल पडली. चार बोटांतलं एक, मग दुसरं. रोज दोन वेळ भूपालशेट त्या नवरीची चौकशी करू लागले. माहेरची माणसं किती, सासू कशी आहे. मग वस्तादांनी समोर एक लाकडी दांडा रोवला. मोठ्या मापाच्या बांगड्या उजव्या हातानं उचलून त्यावर चढवायच्या. सुरुवातीला दिवसभरात तीन. महिन्यानं चाळीस. कितीतरी फुटल्या. पद्माक्कांनी तुकडे झाडले आणि आणखी आणून ठेवल्या.

आता शेट काठी घेऊन घरात चालू लागले होते. दुबळ्या बाजूला, एक पाऊल मागे, वस्ताद. सोळा पावलं एकट्यानं होत होती. पुढची पाच राहिली होती, त्यात परसाचा उंबरठा होता.

एके दिवशी वस्तादांना तालमीतून यायला जरासा उशीर झाला. शेटना धीर धरवेना. सिद्राम दोन्ही हातांत तांबे घेऊन नेहमीसारखा मागे होता. सतराव्या पावलाला उजव्या पायाची बोटं उंबरठ्याला अडली आणि भूपालशेट आडवे झाले. काठी लांब गेली. कपाळ फुटलं.

वस्ताद दारातून आत आले तेव्हा त्यांना काय दिसलं? शेट जमिनीवर, भुवईवरून रक्त, आणि सिद्राम दोन काठोकाठ भरलेले तांबे घेऊन खांबासारखा उभा. चेहऱ्यावर घाम, पण डोळ्यांत अभिमान.

"वस्ताद, मी हललो नाही! थेंब सांडला नाही!"

ऐंशी वर्षांचा म्हातारा धावला. गुडघे टेकून त्यांनी शेटचं डोकं मांडीवर घेतलं, रक्त पुसलं, डोळ्यांत पाहिलं, हातपाय चाचपले. अजित जाऊन डॉक्टरांना घेऊन आला. जखम वरवरची निघाली. दोन टाके पडले. वस्ताद सिद्रामशी चकार शब्द बोलले नाहीत. ते शिव्या देत तेव्हा सिद्राम निश्चिंत असे. त्या गप्प राहण्यानं मात्र त्यानं आपण होऊन तांबे खाली ठेवले.

संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आत या घरची जेवणं होत, ती उरकल्यावर वस्तादांनी सिद्रामला समोर बसवलं. त्याचे दोन्ही तळवे उलटे करून पाहिले. म्हणाले,

"सिद्राम, हात भरून ठेवायला मी तुला सांगितलं. का, ते सांगितलं नाही. तिथं मी चुकलो. आता ऐक. तांबे शेटसाठी नव्हते, तुझ्यासाठी होते. शेट पडतील या विचारानं तुला भीती वाटते. ती सहन होत नाही म्हणून तू धावतोस, उचलतोस, आणि त्याला दया म्हणतोस. आपली भीती शमवायला आपण त्यांचं उठणं त्यांच्याकडून काढून घेतो. अक्का तेच करत होत्या, अजित तेच करत होता. म्हणून मी सगळ्यांचे हात गुंतवले. पण पोरा, हात गुंतवले होते, डोळे नव्हते. माणूस धडपडत असताना थांबणं वेगळं आणि तो पडल्यावर थांबणं वेगळं. आज तुझ्यासमोर माणूस पडला आणि तू तुझं पाणी सांभाळलंस. आधी तू स्वतःच्या भीतीसाठी धावत होतास, आज स्वतःच्या नियमासाठी उभा राहिलास. दोन्ही वेळा शेट तुला दिसलेच नाहीत."

सिद्राम मान खाली घालून म्हणाला, "मग मी कुठं उभं राहायचं, वस्ताद?"

"हाकेच्या अंतरावर. त्याहून जवळ नाही, लांब नाही. आणि उद्यापासून तांबे नकोत. रिकामे हात आवरायला शीक. ते अवघड आहे. मला साठीनंतर जमलं."

पलंगावरून भूपालशेट ऐकत होते. कपाळाला पट्टी होती. म्हणाले, "वस्ताद... मी पण चुकलो. हाक मारली नाही. लाज वाटली."

"मग तुम्हालाही शिकायचंय," वस्ताद म्हणाले. "एकट्यानं जाणारा माणूस कुणाला हाकच मारत नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला? कधी मारायची ते तो स्वतः ठरवतो, एवढंच."

पुढचे दहा दिवस वस्तादांनी चालणं थांबवून एकच विद्या शिकवली: जमिनीवरून उठणं. सतरंजी अंथरली आणि स्वतः आडवे झाले. आधी कूस, मग कोपर, मग गुडघ्यांवर, मग समोरच्या स्टुलावर हात, मग चांगला पाय पुढे. वस्ताद आणि कासार शेजारी शेजारी पडत आणि उठत. शेजारच्या काकू आता खिडकीत न थांबता सरळ आत येऊन बसू लागल्या, आणि "कोपर अजून बाहेर घ्या शेट," असं मार्गदर्शनही करू लागल्या. पडल्यावर उठता येतं हे अंगाला कळलं, तशी शेटच्या पायांतली भीती ओसरू लागली.

सगळं पूर्वीसारखं झालं असं मात्र नाही. दृष्टांताची गोष्ट असली म्हणून खोटं कशाला सांगू? उजव्या हाताची दोन बोटं अर्धवट मिटलेलीच राहिली. जीभ दमली की शब्द अडे. लगीनसराईच्या गर्दीत भराभर चुडे भरणारा कासार काही परत आला नाही. पुढे गादीवर बसून शेट डाव्या हातानं बांगडी चढवत आणि उजव्यानं गिऱ्हाइकाचं मनगट नुसतं धरून ठेवत. पण ते पुढचं.

चौथा महिना संपत आला होता. एका सकाळी भूपालशेट पलंगावरून उठले. खाली एकही वीट उरली नव्हती. पद्माक्का पीठ मळत होत्या, या खेपेला खरोखरच भाकऱ्यांसाठी. अजित दुकानात होता. वस्ताद आणि सिद्राम सोप्याच्या पायरीवर बसले होते. शेटनी काठी घेतली. कुणाला काही सांगितलं नाही.

दुकानाच्या उघड्या दारापाशी ते आले. आत तीन बायका बसल्या होत्या. एकीनं सवयीनं मान वळवली, पण वळवता वळवता थांबली. म्हणाली, "अगंबाई, शेट! या की, हिरव्या दाखवा. हा पोरगा नुसती लालच काढतोय."

"आलो," भूपालशेट म्हणाले. "जरा जाऊन येतो."

उंबरठा आला. ते थांबले. डावा पाय पलीकडे गेला. उजवा उचलला, अडखळला, पुन्हा उचलला, गेला. सिद्राम पायरीवरून अर्धा उठला होता. वस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. तो आपला आपणच खाली बसला.

परसातलं दार लागलं. आणि मग आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

पद्माक्का पिठाचे हात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या. अजित धावत आला. सिद्राम कुजबुजला, "वस्ताद, आतून कडी लावली! पडले तर?"

"हाक मारतील."

"आणि मारली नाही तर?"

"कान आहेत ना तुला? ऐक. बघू नकोस."

चौघांनीही परसाकडे पाठ केली आणि उभे राहिले. चार महिन्यांत त्या माणसाला कुणी एकटं सोडलं नव्हतं. दाराआड बराच वेळ शांतता होती. मग पाण्याचा आवाज आला. मग काहीतरी आपटलं, आणि अजितनं वस्तादांचा दंड घट्ट धरला. वस्तादांचाही श्वास अडला होता, पण ते हलले नाहीत. पुन्हा पाण्याचा आवाज. मग कडी.

भूपालशेट बाहेर आले. धोतराचा सोगा ओला, गाठ वेडीवाकडी, पण स्वतःच्या हातानं बांधलेली. समोर चार पाठी बघून ते जरा चकित झाले.

"काय आहे? वरात यायचीय का कुणाची?"

शेट परत एकवीस पावलं चालत आले, हात धुतले आणि पाटावर न बसता स्टुलावर बसले, कारण पाटावरून उठणं अजून जड जाई. मग पत्नीकडे पाहून म्हणाले,

"अगं, भूक लागली."

ताट आलं. दोन भाकऱ्या आल्या. सिद्राम पाण्याचा पेला घेऊन आला आणि जुन्या सवयीनं तो शेटच्या ओठांशी न्यायला वाकला. वाकलेला तसाच थांबला. पेला त्यानं शेटच्या उजव्या बाजूला खाली ठेवला, दोन पावलं मागे सरला, आणि आपले ते दोन अजस्र हात मांडीवर घेऊन बसला.

भूपालशेटचा उजवा हात हळूहळू पेल्याकडे निघाला. पोहोचायला वेळ लागला. कुणाला घाई नव्हती.